बळीराम मुकादमाच्या टोळीपुढचा एन

आधी एक कबुली देते. या सदरातले अनुभव मी तीन-चार वर्षं वाचतेय, आणि त्यांच्याखाली "झोप नीट होत नसावी", "वायरिंग तपासून घ्या" असल्या कमेंट टाकणारी जी आगाऊ बाई आहे ना... ती मीच. भूतखेत, दृष्ट, करणी, यातलं मी काही मानत नाही. आमच्या ऑफिसात दसऱ्याला सर्व्हरवर झेंडूची माळ घालतात, तर ती दुसऱ्या दिवशी काढून टाकायचं कामही माझंच. पाकळ्या पंख्यात जातात हो, बाकी काही नाही.

त्यामुळे आज मी हे लिहितेय म्हणजे नक्की काय झालंय मला, असं वाटणाऱ्यांनी खुशाल वाटून घ्यावं. मला स्वतःलाही तसंच वाटतंय. ही गोष्ट एका कॉम्प्युटर प्रोग्रामची आणि एका बाळंतपणाची आहे. त्या दोन्हींचा एकमेकांशी संबंध असायचं काहीही कारण नव्हतं.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभाग सांभाळते. विभाग म्हणजे मी, दोन प्रिंटर आणि एक एसी जो उन्हाळ्यात बंद पडतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, शोधत बसू नका. राहायला पूर्णेला, सासरे रेल्वेतून रिटायर झालेले, नवरा शाळेत, एक मुलगी आहे नऊ वर्षांची.

आता प्रोग्रामबद्दल थोडं सांगावं लागेल. घाबरू नका, सोपं आहे.

ऊसतोडीच्या हंगामात आमच्याकडे साठ-सत्तर टोळ्या असतात. एक टोळी म्हणजे दहा-बारा नवरा-बायकोच्या जोड्या आणि त्यांचा एक मुकादम. गंगाखेड, जिंतूरकडच्या डोंगरातल्या गावांतनं येतात बऱ्याचशा. एका गावातला ऊस तोडून होत आला की टोळीला पुढच्या गावाला हलवायचं. कुठल्या टोळीला कुठं पाठवायचं हे ठरवणारा एक जुनापुराणा प्रोग्राम आहे. काळी स्क्रीन, हिरवी अक्षरं, माउस चालत नाही. ज्याने लिहिला तो माणूस धंदा बंद करून कधीच गेला, सोर्स कोड कुणाकडे नाही. पण चालतोय, म्हणून कुणी हात लावत नाही.

हा प्रोग्राम सोमवारी आणि गुरुवारी चालवायचा. तो एकेक टोळी स्क्रीनवर आणतो. मुकादमाचं नाव, सध्याचं गाव, पुढचं गाव, आणि खाली प्रश्न : पुढे पाठवायची का? वाय किंवा एन. वाय दाबलं की टोळीच्या नावाने नवीन गावची चिठ्ठी निघते. एन दाबलं की टोळी आहे तिथंच पुढच्या फेरीपर्यंत राहते आणि आसपासचे राहिलेले उसाचे फड तोडते. बस, एवढंच.

बावीस वर्षं हे काम शेतकी विभागातले कदम काका करायचे. सकाळी नऊला चष्मा पुसून बसायचे, ते अकराला उठायचे. पंधरा-वीस टोळ्यांना दोन तास! मधेमधे फोन, मधेमधे तंबाखू. आम्ही चेष्टा करायचो, की काका एक बटण दाबतात आणि मग दमून चहा घेतात. ते हसायचे फक्त.

या दिवाळीला काका रिटायर झाले. त्यांच्या जागी नवीन माणूस भरायचा नाही असं वरून ठरलं, आणि शेतकी अधिकारी साहेबांनी मला बोलावून विचारलं, "मॅडम, हे आपोआप नाही का होणार?"

होणार की! याला बॅच जॉब म्हणतात. माणसाने समोर बसून जी बटणं दाबायची, तीच एका फाइलीत ओळीने लिहून ठेवायची आणि प्रोग्रामला सांगायचं, बाबा रे, कीबोर्डकडे बघू नकोस, या फाइलीतून वाच. मी तशी सोय केली. आधी त्या दिवशीच्या टोळ्यांची यादी निघणार, यादीत जितक्या टोळ्या तितके वाय फाइलीत आपोआप लिहिले जाणार, शेवटी बाहेर पडायचं बटण. सकाळी सातला सगळं आपोआप सुरू. मी नऊला ऑफिसात येईपर्यंत चिठ्ठ्या प्रिंटरवर तयार. दोन तासांचं काम वीस सेकंदांत.

सगळे वाय का? कारण जुना डेटा बघितला होता मी. काका जवळजवळ नेहमी वायच दाबायचे, क्वचित कुठं तरी एन. काम समजून घेताना मी त्यांना विचारलंही होतं, "काका, एन कधी दाबायचं?" ते म्हणाले होते, "तसं काई ठरलेलं न्हाई, बघून दाबायचं." मी माझ्या वहीत लिहिलं : एन, वापर नाही.

पाच आठवडे एकदम झकास. साहेब खूश, मी खूश. मग जानेवारीतल्या एका मंगळवारी साहेब माझ्या टेबलाशी आले. "बळीराम मुकादमाची टोळी अजून चुडाव्यातच का आहे? काल हलायला पाहिजे होती."

मी लॉग उघडला. लॉग म्हणजे प्रोग्रामने काय विचारलं, काय उत्तर मिळालं, किती वाजता, याची नोंद. सोमवारी यादीत सतरा टोळ्या होत्या. बळीरामची अकरावी. आणि तिच्यापुढे उत्तर होतं... एन.

मला वाटलं फाइलच बिघडली. फाइल काढून बघितली. सतरा ओळींत सतरा वाय, शेवटच्या ओळीत बाहेर पडायचं बटण. एकही एन नाही.

इथं ज्यांना कॉम्प्युटरमधलं कळतं ते म्हणतील, मधे कुठून तरी भलतंच अक्षर घुसलं असेल. मीही हेच म्हटलं. पण तसं असतं तर एक वाय शिल्लक राहिला असता, तो पुढच्या स्क्रीनला गेला असता आणि तिथं चुकीचं बटण म्हणून नोंद झाली असती. तशी नोंद नव्हती. सतरा प्रश्न, सतरा उत्तरं, हिशेब चोख. आत गेले सतरा वाय, बाहेर आले सोळा वाय आणि एक एन.

आणि वेळ. बाकीच्या टोळ्या सेकंदाला एक अशा गेलेल्या. बळीरामची स्क्रीन आली सात वाजून चौदा सेकंदांनी, आणि तिचं उत्तर आलं सात वाजून चार मिनिटांनी. चार मिनिटं प्रोग्राम त्या एका प्रश्नावर थांबला होता. फाइलीतून वाचताना प्रोग्राम थांबत नसतो हो! पुढचं अक्षर समोर असतं, तो उचलतो आणि पुढे जातो.

कुणी चावटपणा केला म्हणावं, तर सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये. मशीन इंटरनेटला जोडलेलं नाही. हा प्रोग्राम चालतो ते दोनच टर्मिनल, दोन्ही शेतकी ऑफिसात, आणि ते ऑफिस उघडतं नऊला. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, "सात वाजता हितं चिटपाखरू न्हवतं, म्याडम."

बरं, म्हटलं एखादा बग असेल. गुरुवारी बघू.

गुरुवारी यादीत चौदा टोळ्या, बळीरामची तिसरी. मी आदल्या संध्याकाळी फाइल बनवायची सोय पुन्हा तपासली, मशीन बंद करून चालू केलं. सकाळी आले, लॉग उघडला. दोन वाय झटपट. मग बळीराम, पावणेचार मिनिटं, एन. मग अकरा वाय झटपट.

म्हणजे अकराव्या ओळीचा दोष नव्हता. ती टोळी यादीत कुठंही असो, उत्तर तिलाच वेगळं मिळत होतं. थोडी भीती वाटली, खोटं कशाला बोलू. भीतीपेक्षा राग जास्त. माझ्या हातचं काम आणि मलाच कळेना!

पुण्यात माझ्या बरोबरीचा एक मित्र आहे, मोठ्या कंपनीत. त्याला लॉग पाठवला. त्याने दोन तासांनी फोन केला. "वैशाली, तू हा लॉग हाताने तर बदलला नाहीस ना?" मी चिडून फोन ठेवला.

साहेबांचा पारा चढलेला. बळीरामच्या टोळीला जिथं जायचं होतं ते गाव गोदावरीच्या काठावर, तिथल्या उसाला तुरे आलेले, वजन घटायला लागलेलं, तिथले शेतकरी रोज ऑफिसात येऊन आरडाओरडा करत होते. साहेब म्हणाले, "सोमवारी ते तुमचं बॅच-फिच बंद ठेवा. स्वतः बसा आणि हाताने वाय दाबा. टोळी हलली पाहिजे." त्यांचंही चूक नव्हतं.

रविवारी सकाळी मी कदम काकांकडे गेले. त्यांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. काकूंनी चहा टाकला. काका ओट्यावर गहू निवडत बसलेले, रिटायर झाल्याचा कंटाळा चेहऱ्यावर. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण वेगळ्याच जागी अडकले.

"थांब जरा. तू सगळ्यायला वाय देऊन टाकलं?"

"हो. तुम्ही पण तर वायच द्यायचा ना?"

काकांनी सूप खाली ठेवलं. "मी इचारून द्यायचो, पोरी."

"काय विचारून?"

"दोन तास काय मी झोपा काढायचो का? एकेका मुकादमाला फोन लावायचो. पण मुकादमाला इचारून फायदा न्हाई, त्यो न्हाईच म्हणतंय. मी म्हणायचो, टोळीतल्या म्हातारीला दे फोन. मंग तिला इचारायचो, माय, कोणी अवघडलेली हाय का तुमच्यात? दिवस भरत आलेत का कोणाचे? हाय म्हणली, की एन. रस्त्याच्या, दवाखान्याच्या जवळ असंल ते गाव सोडू द्यायचं न्हाई. बाळंतपण उरकलं की मंग वाय."

"आणि साहेबांना माहीत होतं?"

"कशाला? त्येनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. इतके साहेब आले-गेले, सगळ्यायला वाटायचं कॉम्प्युटरच तसं म्हणायलाय."

"मग मला का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं तुम्हाला, एन कधी दाबायचं म्हणून!"

काका थोडे ओशाळले. "तू इचारलं तवा साहेब हुबे होते की तुझ्या मागं. त्येंच्या म्होरं कसं सांगू? म्हणलं सवडीनं सांगू. मंग निरोपाचा कार्यक्रम झाला, राहूनच गेलं. लय मोठी चूक झाली माझी."

मी विचारलं, एका टोळीला किती वेळ लागायचा? म्हणाले, "चार मिनिटं. म्हातारीला ऐकू कमी येत असंल तर पाच."

यावर तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे. मीही बघितलं काकांकडे त्या नजरेने. त्यांना कळलं. "अगं, माझ्याकडं काय बघायलीस? मी सात वाजता हितं चहा पेत असतो. इचार तुझ्या काकूला." आणि काकू आतून म्हणाल्या, "चहा कुठला, घोरत असतात." काका चांगले जिवंत, ठणठणीत, त्यांना यातलं काडीचंही माहीत नव्हतं. बळीराम मुकादमाची टोळी या वर्षी नवीन, तिचं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

मी तिथूनच स्कूटीवर चुडाव्याला गेले. टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, रेल्वे लाइनपासून थोड्या आत, एका पडीक रानात. माणसं फडात होती. मुकादम बांधावर उभा, चाळिशीचा, बोलका. मी सरळ विचारलं, टोळीत कुणी बाई गरोदर आहे का?

"न्हाई म्याडम. बिलकुल न्हाई. सगळ्या कामाच्या बाया हायत. कोणी तक्रार केली का काय?"

मुकादम नाहीच म्हणणार, हे काकांनी सांगितलेलंच होतं. म्हणून मी टोळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला शोधलं. कोंडाबाई तिचं नाव. फडाच्या कडेला वाढ्यांच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होती. मी तिच्या शेजारी मातीत बसले, पाणी मागितलं, इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं.

तिने पेंढीला गाठ मारली. "न्हाई बाई. आमच्यात कोणी न्हाई."

"नक्की ना? मी टोळी इथंच ठेवू शकते. कुणाला काही त्रास होणार नाही."

"न्हाई म्हणलं ना. कशाला इचारायलाव?"

मी समोर बघितलं. आठ-दहा बाया वाकून ऊस तोडत होत्या. सगळ्यांनी लुगड्यांवर नवऱ्यांचे ढगळे फुल शर्ट घातलेले, पाचटाने अंग कापतं म्हणून. डोक्याला फडकी. मला काहीही वेगळं दिसलं नाही. एका पोरीची आई आहे मी, आणि तरी नाही दिसलं. एक जण मोळी डोक्यावर घेऊन माझ्या समोरून ट्रॅक्टरकडे गेली, तिला मी वाट सोडून दिली.

म्हणजे काकांच्या पद्धतीनेसुद्धा उत्तर वायच होतं. मुकादम नाही म्हणतोय, म्हातारी नाही म्हणतेय. एनला कसलाही आधार नाही. मला जरा बरंच वाटलं, म्हटलं चला, बगच आहे, सापडेल कधीतरी.

सोमवारी सकाळी नऊला मी काकांच्या खुर्चीत बसले. बॅच बंद, फाइल नाही, हाताने एकेक. साहेब पलीकडच्या केबिनमध्ये. सातवी स्क्रीन बळीरामची. सध्याचं गाव चुडावा, पुढचं गाव ते नदीकाठचं. पुढे पाठवायची का?

कर्सर लुकलुकत होता. या वेळेला मशीन काही करत नव्हतं, मीच करायचं होतं. मी वायवर बोट ठेवलं आणि ते खाली जाईना.

कुणी कानात वगैरे बोललं नाही. मी शांतपणे विचार करत होते. या प्रश्नाला दोनदा असं उत्तर मिळालंय ज्याचं कारण मला सापडलेलं नाही. कारण सापडेपर्यंत रेकॉर्ड बदलायचं नाही, हे मला कामाला लागल्यापासून शिकवलेलं. चूक कुठली आणि बरोबर कुठलं हे कळत नसताना आपण कशाच्या जोरावर खोडायचं? आणि ते नदीकाठचं गाव डोळ्यांसमोर आलं. मी गेलेय तिथं एकदा. डांबरी रस्ता सोडला की तीन-चार किलोमीटर काळ्या रानातली चाकोरी, ट्रॅक्टर सुद्धा बैलाच्या चालीने चालतो. तिथून पूर्णेचा दवाखाना म्हणजे दोन तास तरी.

मी एन दाबला.

साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी फाइल टेबलावर आपटली. "तुम्हाला टोळी हलवायला सांगितली होती ना?" मी म्हटलं, "सर, प्रोग्राममध्ये दोष आहे, सापडेपर्यंत या टोळीची जबाबदारी मी घेऊ शकत नाही." दुपारी माझ्या हातात मेमो पडला. वरिष्ठांच्या लेखी... बरं, तोंडी... आदेशाचं उल्लंघन. नोकरीत पहिलाच मेमो. घरी नवऱ्याला दाखवला, तो म्हणाला, "कशासाठी पण?"

बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास बळीराम मुकादमाचा फोन आला. आवाज चिरकलेला.

"म्याडम, पूर्णेच्या दवाखान्यातून बोलायलोय. सविता... कोंडाबाईची सून... बाळंत झाली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कोण सविता? तुम्ही तर म्हणालात..."

"आमाला मालूमच न्हवतं, म्याडम! देवाशप्पथ न्हवतं. दोघी सासू-सुनांनी कोणाला कळू दिलं न्हाई. कळलं असतं तर जोडी मोडली असती, तिच्या नवऱ्याला एकट्याला कोण ठिवून घेतंय? आठवा चालू होता. मोळी उचलताना कळ आली, लय रक्त जायला लागलं. हितं रस्ता जवळ म्हणून टमटममधी घातलं, अर्ध्या तासात आणलं."

मी विचारलं, कशी आहे?

"हाय. दोघी हायत. पोरगी झाली, लय बारकी हाय, काचंत ठिवलीय." मग त्यानेच विचारलं. "म्याडम, त्या दिशी तुमी येऊन इचारून गेलाव. तुमाला कसं कळलं?"

मी म्हटलं, "मला नाही कळलं." हे अगदी शब्दशः खरं होतं.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. सविता एकोणीस-वीस वर्षांची असेल. डोळे मिटून पडलेली. रविवारी मोळी घेऊन माझ्यासमोरून गेलेली तीच का, हे मला ओळखता आलं नाही, तिच्या डोक्याला आता फडकं नव्हतं. कोंडाबाई पायाशी खाली बसलेली. मला बघून तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले, बाई. तुमी कसं काय टोळी ठिवलीत?" मी तिच्याशेजारी बसून रडले. का ते विचारू नका, रडू आलं म्हणून रडले.

काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी सविताची आणि पोरीची तब्येत विचारली. मग म्हणाले, "मी जरी असतो आन मी जरी इचारलं असतं, तरी म्हातारीनं न्हाईच म्हणलं असतं. मी वायच दाबलं असतं." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ज्याला बावीस वर्षांचा अनुभव तो चुकला असता. ज्यांना माहीत होतं त्या दोघींनी तोंड उघडलं नव्हतं. सविताचा आठवा महिना कुठल्याही फाइलीत, कुठल्याही रजिस्टरात, कुठल्याही फोनमध्ये नव्हता.

पुढच्या गुरुवारी मी मुद्दाम बॅच पुन्हा चालवून बघितली, फक्त तपासायला. सविता आणि कोंडाबाई दवाखान्यात, बाकीची टोळी चुडाव्यात. बळीरामच्या स्क्रीनला एका सेकंदात वाय मिळाला. त्यानंतर लागोपाठ चार फेऱ्या मी नऊ वाजता हाताने काम करायच्या आधी एका कॉपीवर बॅच चालवली. एकदाही एन नाही, एकदाही चार मिनिटं नाहीत. माझ्या मित्राने लॉग पुन्हा तपासला, मशीनची मेमरी बदलून झाली, प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर टाकून बघितला. काहीही निघालं नाही.

मेमो परत घेतलेला नाही. पण साहेबांना मी काकांची पद्धत सांगितली, सगळी, त्यांच्या समोर उभं राहून. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "करा तुमच्या पद्धतीने." आता सोमवारी-गुरुवारी मी स्वतः बसते. मुकादमाला फोन लावते, म्हणते, म्हातारीला द्या. दोन तास लागतात. परवा अकाउंटमधला एक जण म्हणाला, मॅडम, एक बटण दाबून चहा घेताय वाटतं. मी हसले फक्त.

इथंच थांबायला हवं होतं. पण एक गोष्ट लिहिली नाही तर हे सगळं सांगणं अर्धवट राहील.

एनच्या मागे लागून झाल्यावर एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की मी चुकीच्या अक्षराच्या मागे लागलेय. बॅच पाच आठवडे चालली होती. दहा फेऱ्या. त्या सगळ्या फेऱ्यांत कुणालाही फोन गेला नव्हता, कुणालाही काही विचारलं गेलं नव्हतं, आणि प्रत्येक टोळीला वाय मिळाला होता. मी त्या लॉगची प्रिंट काढली आणि हलवलेल्या टोळ्यांना एकेक करून फोन लावायला सुरुवात केली. म्हातारीला द्या म्हणायचं, आणि विचारायचं, डिसेंबरात तुमच्यात कुणी अवघडलेली होती का? तीन दिवस चाललं हे काम. बहुतेक ठिकाणी, न्हाई बाई. दोन ठिकाणी, होती की, गावाकडं जाऊन बाळंत झाली, बरी हाय.

तिसऱ्या दिवशी एका टोळीतल्या म्हातारीने प्रश्न ऐकला आणि ती बोलेचना. मला वाटलं फोन कट झाला. मी दोनदा हॅलो म्हटलं.

"होती," ती म्हणाली. "नदीकडं नेलं तवा. वाटंतच झालं सगळं."

"मग? ती कशी आहे? बाळ?"

पलीकडून कोयत्यांचा आवाज येत होता, फड चालू होता.

"आता इचारायलाव व्हय, बाई," ती म्हणाली, आणि तिने फोन मुकादमाकडे दिला.

बळीराम मुकादमाच्या टोळीपुढे एन कुठून आला, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा, मी नेहमीसारखी वाद घालणार नाही. त्या दुसऱ्या टोळीपुढे वाय कुठून आला, ते मात्र मला माहीत आहे. तो मी लिहिला होता.